चिनी बोलताना ‘मला काहीही चालेल’ हे सभ्यपणे कसे सांगावे

चिनी भाषा शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एका साध्या प्रश्नाचे उत्तर वारंवार द्यावे लागते, तो म्हणजे ‘काय खाणार, कुठे जायचे, किती वाजता भेटायचे’. आपल्याला खरोखरच कशाचीही हरकत नसते आणि तेवढेच सांगायचे असते. अशा वेळी शब्दकोशातून उचललेला पहिला शब्द बहुधा ‘स्वेइ-प्येन’ किंवा ‘ऊ-स्वो-वेइ’ हा असतो. दोन्हींचा कोशातला अर्थ बरोबर असूनही ऐकणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. पसंती नसणे आणि पर्वा नसणे यांत मोठा फरक आहे, आणि तो चिनी बोलीत नेमक्या वाक्यरचनेने दाखवला जातो. हा लेख मानक चिनी, म्हणजे फूथोंगह्वा, रोजच्या व्यवहारात बोलू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी, यीवू आणि क्वांगचौच्या बाजारांत खरेदीला जाणारे व्यापारी आणि चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे अभियंते या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा.

उच्चार आणि लेखनाची पद्धत

या लेखात चिनी शब्द देवनागरीत, उच्चाराच्या शक्य तितके जवळ लिहिले आहेत. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीत, ‘बी’, ‘डी’, ‘जी’ या अक्षरांनी लिहिलेले ध्वनी प्रत्यक्षात मराठीतल्या प, त, क या अल्पप्राण ध्वनींजवळचे असतात, आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ हे फ, थ, ख या महाप्राण ध्वनींजवळचे असतात. मराठी माणसाला हा भेद जन्मजात अवगत असतो; इंग्रजीच्या सवयीने ‘दोउ’ किंवा ‘बा’ म्हणण्यापेक्षा ‘तोउ’ आणि ‘पा’ म्हणणे अधिक अचूक ठरते. ‘चांगला’मधला दंत्य च आणि ‘चहा’मधला तालव्य च हे दोन्ही चिनीत वेगवेगळे ध्वनी म्हणून आहेत. पिनयिनमधला ‘झेड’ म्हणजे पहिला, ‘जे’ म्हणजे दुसरा. ‘खऽ’, ‘तऽ’ असे जेथे लिहिले आहे तेथे ओठ गोल न करता ‘ओ’ म्हणण्याचा प्रयत्न करावा. ‘फांग’मधला फ मात्र ‘फॅन’मधल्यासारखा आहे.

कंसातले आकडे सुरांचे आहेत. १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे खालून वर चढणारा, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे वरून झटकन खाली येणारा, आणि ० म्हणजे हलका, बिनसुराचा. एरवी पडता असलेला ‘पू’ (म्हणजे ‘नाही’) चौथ्या सुराच्या शब्दापूर्वी चढता होतो, आणि तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागोपाठ आले की पहिला चढता होतो. खाली दिलेले आकडे हे बदल करूनच लिहिले आहेत.

सुरांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मराठीत ‘चालेल’ हा एकच शब्द आपण आवाजाच्या चढउताराने प्रेमळ, उदास किंवा चिडका करू शकतो. चिनीत आवाजाची पट्टी शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी बरीचशी खर्च झालेली असते. त्यामुळे मार्दव आणण्याचे काम वाक्याच्या शेवटचे छोटे प्रत्यय, सर्वनामे आणि जोडीला येणारे दुसरे वाक्य यांच्यावर अधिक पडते. नुसता गोड आवाज काढून भागत नाही.

पहिली पायरी: वाक्य कोणाविषयी आहे ते ठरवा

बोलण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझे वाक्य माझ्याविषयी बोलते आहे, त्या गोष्टीविषयी, की समोरच्या माणसाविषयी? ‘माझी कशालाच हरकत नाही’ हे वाक्य स्वतःविषयी आहे आणि ते जवळजवळ नेहमी सुरक्षित असते. ‘त्याने काही फरक पडत नाही’ हे त्या गोष्टीविषयी आहे. समोरच्याने ती गोष्ट मनापासून विचारली असेल, तर त्याला ते लागते. ‘तुला काय हवे ते कर’ हे समोरच्याविषयी आहे, आणि त्यात त्याला एकटे सोडून दिल्याचा भाव सहज शिरतो. माझ्या मते चिनीतल्या सभ्य अलिप्ततेचे सारे व्याकरण या एका निवडीवर उभे आहे. म्हणूनच ‘वो’ (३), म्हणजे ‘मी’, हा शब्द वाक्यात स्पष्ट उच्चारण्याची सवय आधी लावावी. एरवी चिनी बोलीत कर्ता गाळणे सर्रास चालते, पण येथे तो ठेवल्याने वाक्य मऊ होते.

दुसरी पायरी: मूळ वाक्य पक्के करा

सर्वांत उपयोगी वाक्य आहे ‘वो तोउ शिंग’ (३-१-२), म्हणजे ‘मला सगळे चालेल’. ‘तोउ’ म्हणजे ‘सगळे’ आणि ‘शिंग’ म्हणजे ‘चालेल’. शिंगचा जुना अर्थही ‘चालणे’ हाच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द विसरता येणार नाही. त्याच्याच बरोबरीचे दुसरे वाक्य ‘वो तोउ खऽ-यी’ (३-१-२-३). ‘शिंग’ला उत्तरेकडच्या बोलीची छटा आहे, तर दक्षिणेत आणि तैवानमध्ये ‘खऽ-यी’ अधिक कानावर पडते. दोन्ही सर्वत्र समजतात.

‘तोउ’ गाळू नये. नुसते ‘शिंग’ किंवा नुसते ‘खऽ-यी’ म्हणजे एखाद्या ठरावीक सूचनेला दिलेला होकार असतो. ‘भात की नूडल्स?’ या प्रश्नाला ‘शिंग’ हे उत्तर दिले, तर विचारणाऱ्याला काहीच कळत नाही. दोन पर्याय पुढे असतील तर ‘ल्यांग-कऽ तोउ शिंग’ (३-०-१-२), म्हणजे ‘दोन्ही चालतील’, असे म्हणावे. पर्यायांची नावे घेऊन सांगणे त्याहून अगत्याचे वाटते: ‘छा ये शिंग, खा-फेइ ये शिंग’, म्हणजे ‘चहाही चालेल, कॉफीही चालेल’.

यापुढची रचना मराठी भाषकाला अगदी सोपी जाते. मराठीत आपण प्रश्नार्थक शब्दाला ‘ही’ जोडून ‘कुठेही’, ‘कधीही’, ‘कोणीही’ असे शब्द बनवतो. चिनीतही प्रश्नार्थक शब्दापुढे ‘तोउ’ ठेवले की तोच अर्थ निघतो. ‘शन-मऽ तोउ शिंग’ (२-०-१-२) म्हणजे काहीही चालेल, ‘नार तोउ शिंग’ (३-१-२) म्हणजे कुठेही चालेल, ‘ची त्येन तोउ शिंग’ (२-३-१-२) म्हणजे कितीही वाजता चालेल, ‘शेइ तोउ शिंग’ (२-१-२) म्हणजे कोणीही चालेल आणि ‘चन-मऽ तोउ शिंग’ (३-०-१-२) म्हणजे कसेही चालेल. ‘नार’ हे बीजिंगकडचे रूप आहे. दक्षिणेत त्याच अर्थाने ‘ना-ली’ म्हणतात. विचारलेल्या प्रश्नातलाच प्रश्नार्थक शब्द उचलून उत्तर द्यावे. ‘नार’ विचारले की ‘नार तोउ शिंग’. त्यामुळे प्रश्न नीट ऐकल्याची खूणही पटते आणि शब्द शोधावा लागत नाही.

याहून गोड करायचे असेल तर ‘वो तोउ शी-ह्वान’ (३-१-३-०), म्हणजे ‘मला सगळेच आवडते’. हे अर्थातच खरे असेल तेव्हाच वापरावे.

तिसरी पायरी: दुसरे वाक्य जोडा

येथे सर्वांत जास्त सराव हवा. ‘वो तोउ शिंग’ एवढ्यावर थांबले तर निर्णयाचे सारे ओझे समोरच्यावर पडते. यजमान, मित्र किंवा सहकारी कितीही जवळचा असला, तरी त्याला पुन्हा विचार करावा लागतो, आणि हेच दररोज घडले की तो कंटाळतो. म्हणून जोडवाक्याची सवय लावावी. या जोडवाक्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार विश्वास दाखवण्याचा. ‘थिंग नी तऽ’ (१-३-०) म्हणजे शब्दशः ‘तुझे ऐकतो’. मराठीत हे आज्ञाधारक वाटेल, पण चिनीत ते प्रेमाने निर्णय सोपवणे आहे. पतिपत्नी, मित्र, सहकारी सारे ते वापरतात. ‘वो तोउ शिंग, थिंग नी तऽ’ हे जोडवाक्य पाठ करून ठेवावे. ‘खान नी फांग-प्येन’ (४-३-१-४), म्हणजे ‘तुझी सोय बघ’, हे वेळ आणि ठिकाण ठरवताना विशेष शोभते. मंडळी अनेक असतील तर ‘थिंग ता-च्या तऽ’ (१-४-१-०), म्हणजे ‘सर्वांचे ऐकू’.

दुसरा प्रकार छोटासा आधार देण्याचा. कोणाच्या घरी गेल्यावर ‘काय घेणार?’ असे विचारले, तर ‘काहीही’ म्हणण्यापेक्षा ‘पाइ-खाइ-श्वेइ च्योउ शिंग’ (२-१-३-४-२), म्हणजे ‘साधे उकळलेले पाणी दिले तरी पुरे’, असे म्हणावे. ‘च्योउ शिंग’ म्हणजे ‘एवढ्याने भागते’. चीनमध्ये गरम पाणी पाहुण्याला देण्याची रीत आहे, त्यामुळे हे उत्तर कोणालाही विचित्र वाटत नाही. यजमान त्यानंतरही बहुधा चहाच आणतो, पण त्याला निवड करण्याचा त्रास दिला गेलेला नसतो. सोबत ‘पू-योंग मा-फान’ (२-४-२-०), म्हणजे ‘त्रास घेऊ नका’, जोडले तर आणखी बरे.

तिसरा प्रकार मर्यादा आधी सांगण्याचा, आणि मराठी घरांतून गेलेल्या अनेकांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तुम्ही शाकाहारी असाल किंवा गोमांस खात नसाल, तर ‘शन-मऽ तोउ शिंग’ हे उत्तर सभ्य नव्हे, दिशाभूल करणारे ठरते. ताट पुढे आल्यावर नकार देण्याने यजमानाची मान खाली जाते. चीनमध्ये ‘नी यौ शन-मऽ ची-खोउ मा?’, म्हणजे ‘तुमचे काही पथ्य किंवा वर्ज्य आहे का?’, असे विचारण्याची चांगली पद्धत आहे, आणि तो प्रश्न आला की मोकळेपणाने सांगावे. ‘छू-लऽ न्योउ-रोउ, प्ये-तऽ तोउ शिंग’ (२-०-२-४-२-०-१-२) म्हणजे ‘गोमांस सोडून बाकी सगळे चालेल’. ‘वो छर्-सू, प्ये-तऽ तोउ शिंग’ (३-१-४, २-०-१-२) म्हणजे ‘मी शाकाहारी आहे, त्याव्यतिरिक्त काहीही चालेल’. अंडे चालत असल्यास ‘ची-तान खऽ-यी’ हे शब्द घालावेत, कारण ‘छर्-सू’ म्हणणाऱ्यांत अंडे खाणारे आणि न खाणारे दोन्ही असतात. भाजीत डुकराची चरबी, मांसाचे सूप किंवा कालवांचे सॉस पडण्याची शक्यता असते, म्हणून काटेकोर शाकाहाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावे. मर्यादा सांगितल्यावर उरलेल्या क्षेत्रात ‘काहीही चालेल’ म्हणणे पूर्णपणे प्रामाणिक होते, आणि ऐकणाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

हॉटेलात यजमान पाहुण्याच्या हातात मेन्यू देतो, तेव्हा काय करावे हा वेगळा पेच आहे. तेथे ‘काहीही मागवा’ म्हणण्याऐवजी ‘वो पू थाइ ह्वेइ त्येन, निन लाइ पा’ म्हणावे, म्हणजे ‘मला पदार्थ निवडण्याचे फारसे जमत नाही, आपणच मागवा’. हे उत्तर चिनी माणसेही सतत देतात. यजमानाने दुसऱ्यांदा आग्रह केला, तर एखादा मध्यम किमतीचा, सर्वांना खाता येईल असा पदार्थ सांगून मेन्यू परत करावा.

चौथी पायरी: ‘स्वेइ-प्येन’ कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहा

‘स्वेइ-प्येन’ (२-४) हा शब्द वाईट नाही, आणि तो टाळाच असा सरसकट सल्ला मला पटत नाही. देणाऱ्याच्या तोंडी तो औदार्याचा शब्द आहे. यजमान ‘स्वेइ-प्येन च्वो’ म्हणतो, म्हणजे ‘हवे तिथे बसा’. ‘स्वेइ-प्येन त्येन’ म्हणजे ‘हवे ते मागवा’. दुकानात विक्रेता मागे लागला, तर ‘वो स्वेइ-प्येन खान-खान’ (३-२-४-४-०), म्हणजे ‘मी नुसतेच बघतो आहे’, हे पूर्ण सभ्य आणि रूढ उत्तर आहे.

घेणाऱ्याने, म्हणजे ज्याला कोणी काही विचारले आहे त्याने, एकाच शब्दात ‘स्वेइ-प्येन’ म्हटले की अर्थ बदलतो. प्रश्न विचारणाऱ्याने घेतलेली तसदी झटकून टाकल्यासारखे वाटते. अगदी जवळच्या मित्रांत हे खपते, तरी ‘काय खायचे?’ याला रोज ‘स्वेइ-प्येन’ असे उत्तर देणाऱ्यांविषयीची तक्रार चिनी घरांतही नेहमीचीच आहे. म्हणून विचारल्यावर ‘वो तोउ शिंग’, आणि दुसऱ्याला मोकळीक देताना ‘स्वेइ-प्येन’, अशी विभागणी मनात करून ठेवावी.

‘स्वेइ नी’ (२-३) आणि ‘स्वेइ नी प्येन’ (२-३-४) यांपासून मात्र दूर राहावे. कोशात त्यांचा अर्थ ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ असा दिसतो, पण बोलण्यात ‘कर तुला काय करायचे ते’ असा रागाचा किंवा वादातून अंग काढून घेण्याचा भाव त्यात उतरतो. त्याच धातूपासून आलेली चार अक्षरी म्हण ‘खऽ स्वेइ चू प्येन’ (४-२-३-४), म्हणजे ‘पाहुणा यजमानाच्या सोयीने चालतो’, ही मात्र फार सुंदर आणि औपचारिक आहे. जेवणाच्या निमंत्रणात, व्यापारी भेटीत ती म्हटली की ऐकणारे खूश होतात.

पाचवी पायरी: तीक्ष्ण शब्द ओळखा

‘ऊ-स्वो-वेइ’ (२-३-४) म्हणजे ‘मला त्याचे काही वाटत नाही’. हे प्रामुख्याने त्या गोष्टीविषयी बोलते, म्हणून एकटे उच्चारले की थंड वाटते. त्याला सुरक्षित करण्याचा मार्ग म्हणजे आपला त्याग लहान करून दाखवण्यासाठी ते वापरणे: ‘वो ऊ-स्वो-वेइ, नी-मन तिंग’, म्हणजे ‘माझे काही अडत नाही, तुम्हीच ठरवा’, किंवा ‘थोडे लांब असले तरी काही हरकत नाही’ अशा अर्थी. हाँगकाँग आणि क्वांगतोंगच्या कँटोनीत याच कुळातला ‘मोउ सो वाय’ हा शब्द बराच सौम्य आहे, त्यामुळे तिकडचे लोक फूथोंगह्वा बोलताना हा शब्द सहजपणे वापरताना आढळतील. त्यांचा राग धरू नये.

‘पू चाइ-हू’ (२-४-०, येथे च दंत्य) म्हणजे ‘पर्वा करीत नाही’. लोक काय म्हणतात याची पर्वा नाही, अशा निर्धाराच्या प्रसंगी ते योग्य आहे. जेवणाच्या निवडीसाठी नाही. ‘पू क्वान वो तऽ शर’, म्हणजे ‘त्याच्याशी माझा संबंध नाही’, ‘क्वान वो शन-मऽ शर’, म्हणजे ‘मला काय त्याचे’, आणि ‘क्वान था नऽ’, म्हणजे ‘जाऊ दे त्याला’, हे तिन्ही ऐकून समजावेत. पहिले दोन बोलू नयेत. तिसरे मित्राची काळजी हलकी करण्यासाठी कधीतरी चालते.

कोणी माफी मागितल्यावर दाखवायची बेफिकिरी निराळी. तेथे ‘मेइ क्वान-शी’ (२-१-०) किंवा ‘मेइ शर’ (२-४) म्हणावे; ‘पू याओ-चिन’ (२-४-३) हेही चालते. आभार मानल्यावर ‘मेइ शर’ बसते. खिडकी उघडू का, शेजारी बसू का, असे विचारले तर ‘पू च्ये-यी’ (२-४-४), म्हणजे ‘माझी हरकत नाही’.

सहावी पायरी: शेवटचे छोटे शब्द

‘पा’ (०) हा प्रत्यय सूचनेला मऊ करतो. ‘नी तिंग’ म्हणजे ‘तू ठरव’, तर ‘नी तिंग पा’ (३-४-०) म्हणजे ‘तूच ठरव ना’. पण हाच ‘पा’ होकाराला जोडला की उलटे होते. ‘शिंग पा’ (२-०) म्हणजे नाइलाजाने दिलेली संमती. ‘तोउ शिंग पा’मध्येही किंचित अनिच्छा ऐकू येऊ शकते. म्हणून दुसऱ्याला निर्णय देताना ‘पा’ लावावा आणि स्वतःची तयारी सांगताना लावू नये. ‘शिंग, शिंग, शिंग’ अशी घाईने केलेली पुनरावृत्ती अधीरता दाखवते, आणि ‘हाय-शिंग’ (२-२) म्हणजे ‘बरे आहे’, ‘चालेल’ नव्हे.

सातवी पायरी: वडीलधारे आणि कार्यालय

वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीशी बोलताना ‘नी’च्या जागी ‘निन’ (२) वापरावे. उत्तरेत हा भेद काटेकोर पाळतात, दक्षिणेत आणि तैवानमध्ये कमी. ‘थिंग निन आन-फाइ’ (१-२-१-२), म्हणजे ‘आपण आखाल त्याप्रमाणे’, हे वरिष्ठांपुढे सर्वांत योग्य. बैठकीत ‘वो मेइ यी-च्येन’ (३-२-४-४), म्हणजे ‘माझी हरकत नाही’, हे चालते, पण पुढे ‘तोउ खऽ-यी फेइ-हऽ’, म्हणजे ‘हवे ते सहकार्य करीन’, असे काही जोडावे, नाहीतर काम अंगावर घेण्याची तयारी नाही असे वाटते. ‘नी खान-चऽ पान’ (३-४-०-४), म्हणजे ‘तूच बघून कर’, हे वरिष्ठ कनिष्ठाला म्हणू शकतो आणि कधी कधी ते तंबी म्हणूनही म्हणतो. कनिष्ठाने वरिष्ठाला म्हणू नये.

आठवी पायरी: विषयातच रस नसेल तेव्हा

पर्यायांविषयीची अलिप्तता आणि विषयाविषयीची अनास्था या दोन गोष्टी वेगळ्या हाताळाव्यात. ‘मला फुटबॉलमध्ये रस नाही’ यासाठी ‘वो त्वेइ चू-छ्योउ पू थाइ कान शिंग-छ्यू’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, आणि ‘पू थाइ’, म्हणजे ‘फारसे नाही’, यामुळे त्याची धार कमी झालेली आहे. तरीही ‘वो पू थाइ ल्याओ-च्ये’ (३-२-४-२-३), म्हणजे ‘मला त्यातले फारसे कळत नाही’, हे अधिक नम्र ठरते, कारण उणीव आपल्याकडे घेतली जाते. पुढचा माणूस बोलत राहिला तर ‘चऽ-यांग आ’ (४-४-०), म्हणजे ‘असे होय’, एवढे पुरते. निमंत्रण किंवा विक्रीचा आग्रह टाळायचा असेल तर ‘चाइ श्वो पा’ (४-१-०), म्हणजे ‘पुढे पाहू’, असे म्हणतात. बहुतेक वेळा तो नकारच असतो, आणि तुम्हाला असे उत्तर मिळाले तर पुन्हा विचारू नये.

संदेशांत जपायच्या गोष्टी

वेइशिनवर, म्हणजे वुइचॅटवर, लिहिताना आवाजाची साथ नसते, त्यामुळे एकाक्षरी उत्तरे बोलण्यापेक्षा थंड वाटतात. एकच ‘अं’ लिहिण्यापेक्षा दोनदा ‘अं-अं’ लिहिणे उबदार मानले जाते. नुसते ‘ओ’ आणि ‘हऽ-हऽ’ टाळावेत. दुसऱ्याचा अर्थ ‘हसतो आहे’ असा असला तरी तरुण मंडळी तो तुच्छतेचा मानतात. साधा हसरा पिवळा चेहराही त्यांना उपहासाचा वाटतो, तर वयस्कर माणसे तो निर्मळ मनाने पाठवतात, म्हणून पाठवणाऱ्याचे वय पाहून अर्थ लावावा.

२०१७ च्या अखेरीस चिनी समाजमाध्यमांत ‘फो-शी’, म्हणजे ‘बुद्धासारखी निवांत’, अशी तरुणाई चर्चेत आली, आणि ‘तोउ शिंग, खऽ-यी, मेइ क्वान-शी’ हे तीन शब्द तिचे ब्रीद म्हणून ओळखले गेले. त्यामुळे हे तिन्ही शब्द एका दमात म्हटले, तर ऐकणारा हसण्याची शक्यता आहे. ते एकेक करून, आपापल्या जागी वापरावेत.

सराव आणि उलट बाजू

सरावासाठी रोजचे पाच प्रश्न निवडावेत: काय खायचे, काय प्यायचे, कुठे भेटायचे, किती वाजता, आणि कोण येणार. प्रत्येकाचे उत्तर दोन वाक्यांत मोठ्याने म्हणावे; पहिले स्वतःविषयी, दुसरे विश्वासाचे, आधाराचे किंवा मर्यादेचे. उदाहरणार्थ, ‘ची त्येन तोउ शिंग, खान नी फांग-प्येन’. पहिले वाक्य बदलत जाते, दुसरे तेच राहते, त्यामुळे आठवड्याभरात जीभ वळते.

आणि तुम्ही प्रश्न विचारणारे असाल, समोरून ‘तोउ शिंग’ आले, तर ते शब्दशः घेऊन प्रश्न तेथेच सोडू नये. भीड म्हणून पहिल्या खेपेला पसंती न सांगणे ही पुष्कळांची रीत आहे. मोकळा प्रश्न पुन्हा न विचारता दोनच पर्याय ठेवावेत: ‘छर् म्येन हाय-शर छर् मी-फान?’, म्हणजे ‘नूडल्स खायच्या की भात?’. दुसऱ्या खेपेलाही ‘तोउ शिंग’ आले, तर खरोखरच काहीही चालणार आहे असे समजून आपण ठरवावे आणि मागवावे.